निरोपाचा मायना आणि दाराची कडी

चिखलदऱ्याला जाऊन दरीच्या काठावर उभा राहिला नाही, असा वऱ्हाडी माणूस विरळा. परतवाड्याहून निघालेली एस. टी. घाटाची वळणे घेत वर चढते, मैदानातली धग मागे राहते, आणि साडेतीन हजार फुटांच्या वर गेल्यावर एकाएकी पायाखालची जमीनच संपते. तिथे वाटाड्या म्हणा, चहावाला म्हणा, कोणी ना कोणी सांगतोच: भीमाने कीचकाला मारून लोटून दिले ते याच दरीत, आणि हात धुतले ते त्या तिकडच्या भीमकुंडात. कीचकदरा, त्याचे झाले चिखलदरा. विराटाच्या नगरीवर राजस्थानातल्या बैराटनेही हक्क सांगितला आहे हे मला ठाऊक आहे. पण आमच्याकडेही वैराट नावाची जागा आहे, आणि दिवाळीच्या दिवसांत असला वाद उकरून काढण्यात अर्थ नाही.

मागल्या दिवाळीत सातवीतला नातू बरोबर होता. त्याने सारी कथा शांतपणे ऐकून घेतली. सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यामागे लागलेला कीचक, रात्री नर्तनशाळेत येण्याचा तिने दिलेला निरोप, आणि अंधारात तिच्या जागी निजलेला भीम. मग तो म्हणाला, "आजोबा, आत कोण आहे ते कीचकानं आधी विचारलं का नाही?"

कीचकाची कीव करण्याचे कारण नाही. त्याला मिळाले ते योग्यच मिळाले. पण पोराचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. निरोप खरा होता, निरोप देणारी खरी होती, ठिकाण खरे, वेळ खरी. खोटा होता तो फक्त पलीकडच्या टोकाला असलेला माणूस. आपल्या खिशातल्या फोनमागे जे इंटरनेटचे जाळे पसरले आहे, त्याचा पंचावन्नएक वर्षांचा इतिहास बराचसा याच एका प्रश्नाभोवती फिरतो. तो मी पोराला त्या काठावर जमेल तसा सांगितला. इथे जरा सवडीने सांगतो.

इंटरनेटच्या जगात 'प्रोटोकॉल' हा शब्द वारंवार येतो. त्याला बिचकण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या पत्रांत मायना असे, तोच हा. वडिलांना 'साष्टांग नमस्कार', धाकट्याला 'अनेक आशीर्वाद', मग 'विनंती विशेष', मग मजकूर, आणि शेवटी 'लोभ असावा'. पत्र कोठे सुरू झाले, कोणी कोणास लिहिले, कोठे संपले, हे वाचणाऱ्याला न विचारता कळावे यासाठी ती रीत. मराठेशाहीच्या दरबारी पत्रात तर शेवटी मोर्तब होत असे. 'मर्यादेयं विराजते' या शिक्क्याचा अर्थच असा, की पत्राची सीमा ही. याच्या खाली कोणी चार ओळी घुसडल्या तर त्या आमच्या नव्हेत. नुसत्या मायन्याने पत्र कळत असे. ते खरे आहे हे कळत असे ते शिक्क्यामुळे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

माझे वडील तार खात्यात होते. दिवाळीत त्यांना मान वर करायला फुरसत नसे, कारण साऱ्या गावाला शुभेच्छांच्या तारा धाडावयाच्या असत. मोठी गंमत अशी, की त्यासाठी सबंध वाक्य तारेवरून जात नसे. ठरीव वाक्यांना क्रमांक दिलेले होते, आणि १ हा क्रमांक दिवाळीच्या शुभेच्छांचा होता. इकडून नुसता १ गेला की तिकडचा तारबाबू पूर्ण वाक्य कागदावर उतरवी. ती तारसेवा २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. रीत मात्र गेली नाही. आज तुम्ही फोनवर एखादे पान मागता तेव्हा पलीकडचे यंत्र आधी एक आकडाच धाडते. २०० म्हणजे 'ठीक, घ्या पान'. ४०४ म्हणजे 'असे पान येथे नाही'. वडील असते तर त्यांना त्यात परके काहीच वाटले नसते.

जाळ्याचा आरंभ मोठा विनोदी आहे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या यंत्राकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवावयाचा होता. एल गेला, ओ गेला, आणि पलीकडचे यंत्र कोलमडले. दोन अक्षरांचा पहिला निरोप! वर्ष सरता सरता चार ठिकाणे जोडली गेली. त्यांच्यावर काम करणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखत.

या मंडळींनी मग निरोपाच्या रीती लिहावयास घेतल्या. १९७१ च्या एप्रिलमध्ये एका यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर नेण्याची रीत लिहून काढली ती अभय भूषण यांनी. कानपूरच्या आय. आय. टी.च्या पहिल्या तुकडीतून शिकून ते अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये गेले होते. एफटीपी या नावाने ती रीत जगभर चालली. त्याच वर्षी रे टॉम्लिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला टपाल धाडून दाखवले आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये ते वाटोळे '@' चिन्ह बसवले. पुढे १९८२ च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी टपालाचा एक साधा मायना ठरवून प्रसिद्ध केला. तो इतका सरळ आहे की मराठीत सांगता येतो.

पहिले यंत्र म्हणते, "हेलो, मी अमुक." दुसरे म्हणते, "२५०," म्हणजे ठीक. "टपाल अमक्याकडून आहे." "२५०." "टपाल तमक्यासाठी आहे." "२५०." "मजकूर घ्या." "३५४," म्हणजे बोला, आणि संपले की एका ओळीवर नुसता एक टिंब द्या. मजकूर येतो, टिंब येतो, "२५०" होते, राम राम म्हणून दोघे आपापल्या वाटेने जातात.

किती सभ्य संभाषण! पण त्यात कमी काय आहे ते पाहा. आपण अमुक आहोत असे जो म्हणतो, तो खरोखर अमुक आहे काय, हे या मूळ मायन्यात कोणी विचारतच नाही. एफटीपीत पासवर्ड विचारला जाई खरा. पण तो तारेवरून उघडा जाई, वाटेत कान लावून बसलेल्या कोणालाही ऐकू येईल असा. याला मूर्खपणा म्हणणारे आज पुष्कळ आहेत. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. माझ्या आजोळी वाड्याच्या दाराला कडी होती. पण दिवसा ती लावल्याचे मला आठवत नाही. आला-गेला सारा ओळखीचा. कडी लावणे म्हणजे शेजाऱ्याचा अपमान. जाळ्याच्या त्या पहिल्या पिढीचेही असेच होते. चूक झाली ती पुढे. गाव वाढून शहर झाले, आणि दारे तशीच उघडी राहिली.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी हे सर्वांना कळून चुकले. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने एक छोटा कार्यक्रम जाळ्यात सोडला. टपाल पोचवणाऱ्या कार्यक्रमात दुरुस्तीच्या सोयीसाठी एक खिडकी ठेवलेली होती आणि ती बंद करावयाची पुष्कळांची राहून गेली होती. तिच्यातून तो शिरे. कुठे सोपे पासवर्ड ओळखून शिरे. एकाच यंत्रात पुन्हा पुन्हा शिरून त्याने यंत्रे इतकी दमवली, की ती जागच्या जागी बसली. त्या वेळी जाळ्यावर साठ हजारांच्या आसपास यंत्रे होती. त्यांतली सहा हजार अडकली असा अंदाज निघाला. मॉरिसवर खटला होऊन दंड झाला, चारशे तास लोकसेवेची शिक्षा झाली. पुढे हाच गृहस्थ एम. आय. टी.मध्ये प्राध्यापक झाला. आपल्याकडे असे झाले असते तर गावाने त्याला जन्मभर चोरच म्हटले असते. कोणते बरे, ते मला ठरवता येत नाही.

तेव्हा आपल्या देशात हे जाळे नुकते पाय टाकत होते. १९८६ साली 'अर्नेट' नावाने शिक्षणसंस्था जोडण्याचे काम सुरू झाले, त्यात आय. आय. टी. होत्या, तशी मुंबईची सॉफ्टवेअर-संशोधन संस्था एन. सी. एस. टी. होती. सामान्य माणसासाठी दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याआधीच जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी पानाला पान जोडण्याची युक्ती काढली होती आणि पान मागण्या-देण्याचा एचटीटीपी हा मायना रूढ झाला होता. पण तोही पोस्टकार्डासारखा उघडा. पोस्टमनने वाचावे, शेजाऱ्याने वाचावे. मामाला खुशाली कळवायला पोस्टकार्ड ठीक. पण त्यावर तिजोरीची किल्ली कोठे ठेवली आहे हे कोणी लिहीत नाही. दुकाने आणि बँका जाळ्यावर येऊ लागल्या तेव्हा पाकीट पाहिजे झाले, आणि पाकिटाला लाख.

लिखाण झाकण्याची विद्या वऱ्हाडाला नवी नाही. चिखलदऱ्याहून मैदानात उतरून मोर्शी तालुक्यात गेले की रिद्धपूर लागते. श्रीगोविंदप्रभूंचे हे गाव. म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले तेही इथलेच. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून महानुभावांनी पुढे सांकेतिक लिप्या योजल्या. सकळ, सुंदरी, अंक, शून्य, पारमांडल्य अशी त्यांची नावे. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह घालावयाचे. संकेत ठाऊक असलेल्याने वाचावे, इतरांनी नुसते पाहावे. शतकानुशतके हे गुपित टिकले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या काळात ते उलगडले, आणि मराठी गद्याचा केवढा खजिना बाहेर आला! एक किल्ली हाती आली की मठामठातल्या पोथ्या बोलू लागल्या.

अभ्यासकांचा तो लाभ. पण कुलूपवाल्याच्या दृष्टीने यातच अडचण आहे. किल्ली एकच, आणि ती दोन्ही टोकांना लागते. महानुभावांत गुरू शिष्याला समोर बसवून संकेत देई. मी पुण्यात आणि दुकान परदेशात, आमची कधी भेट नाही. मग किल्ली पोचवावयाची कशी? तारेवरून धाडली तर चोर ती आधी घेणार.

१९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघांनी अमेरिकेत हा पेच सोडवला. दोन अनोळखी माणसे भर चव्हाट्यावर, साऱ्यांच्या देखत बोलून, आपल्या दोघांपुरते एक गुपित ठरवू शकतात, असे त्यांनी गणिताने दाखवले. पुढल्या वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी किल्ल्यांची जोडी काढली. एक किल्ली जगाला वाटून टाका. तिने कुलूप लागते. दुसरी आपल्याजवळ ठेवा. उघडते ती तिनेच. टपालपेटीत पत्र कोणीही टाकावे, काढावे ते पेटीच्या धन्याने, तसे. याचे मर्म एका साध्या गोष्टीत आहे. ६१ ला ५३ ने गुणा, ३२३३ येतात. सातवीतला पोर मिनिटात करील. पण ३२३३ कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने झाले, असे उलट विचारा, म्हणजे तो डोके खाजवू लागेल. शेकडो आकडी संख्या घेतल्या की भल्याभल्या यंत्रांचीही हीच गत होते. गंमत म्हणजे हीच युक्ती ब्रिटिश सरकारच्या गुप्त कचेरीत क्लिफर्ड कॉक्स यांना १९७३ साली सुचली होती. पण ती सरकारी गुपितात राहिली आणि १९९७ साली उघड झाली. तोवर श्रेय दुसऱ्यांच्या पदरी पडून वीस वर्षे झाली होती.

या कुलपांवर १९९५ पासून नेटस्केप कंपनीने पानांच्या देवघेवीला पाकीट चढवले. पत्त्याच्या आरंभी एचटीटीपीच्या शेपटीला जो एक जादा 'एस' दिसतो, तो त्या पाकिटाचा. पाकिटाबरोबर एक साक्षही येते: हे दुकान नाव सांगते त्याच नावाचे आहे, असा तिऱ्हाइताचा दाखला. टपालालाही पुढे मोर्तब आले. पाठवणाऱ्या ठिकाणाचा शिक्का आणि मजकूर वाटेत बदलला नसल्याची खूण त्यावर बसू लागली. पण या साऱ्याने बोलणे झाकले जाते आणि नाव जुळते, एवढेच. ज्याच्याशी नाव जुळले तो भला आहे, असे तो दाखला म्हणत नाही. नर्तनशाळेचे दारही बंद होते, आणि आत भीम होता.

दाराचे म्हणाल तर चिखलदऱ्यापासून हाकेच्या अंतरावर गाविलगड आहे. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला अनेक क्रमांकांची दारे असतात: २५ वे टपालाचे, ८० वे उघड्या पानांचे, ४४३ वे पाकिटबंद पानांचे. नको ती दारे बुजवावयाची आणि हव्या त्या दारावर चौकीदार बसवावयाचा, याला 'फायरवॉल' म्हणतात. भिंत म्हटली की आपल्याला दगड दिसतो. पण गड कधी नुसत्या दगडाचा नसतो. त्याला दिल्ली दरवाजा लागतो, शार्दूल दरवाजा लागतो. दाणागोटा आत यावयाचा आणि माणसे बाहेर जावयाची, तर दार ठेवावेच लागते.

१८०३ च्या डिसेंबरात हा गड नागपूरकर भोसल्यांकडे होता, किल्लेदार बेनीसिंग. आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, असईची आणि अडगावची लढाई मारून इकडे आला. दक्षिणेच्या बाजूने त्याने तोफा डागल्या, त्या मुख्यतः लक्ष वेधण्यासाठी. खरा मारा उत्तरेकडून. स्टीव्हनसनची फौज तोफा ओढीत डोंगरवाटेने लबाडा गावाकडे गेली आणि बाहेरच्या तटाला तिने खिंडार पाडले. १५ डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरचा कोट गेला. पण आतला तट शाबूत होता, आणि त्याला तोफ लागलेली नव्हती. मग कॅप्टन कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याने थोड्या लोकांनिशी आतल्या भिंतीला शिडी लावली, पलीकडे उतरला आणि दरवाजा आतून उघडला. पुढे काय झाले ते सांगावयास नको. बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला.

मी त्या आतल्या तटाशी पुष्कळदा उभा राहिलो आहे. भिंत अजून मजबूत वाटते. ती पडलीच नव्हती.

असेच दार आतून उघडल्याची गोष्ट आपल्याकडे २०१८ साली पुण्यात घडली. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. एटीएमच्या यंत्रात आपण कार्ड सारतो तेव्हा यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते बँकेकडे निरोप धाडते: "अमक्याला इतके द्यावे काय?" हा निरोप 'स्विच' नावाच्या मधल्या यंत्रणेकडे जातो, ती आतल्या खातेवहीला विचारते आणि होकार वा नकार कळवते. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून आपला एक खोटा स्विच मध्ये बसवला. शनिवार, ११ ऑगस्टला देशोदेशींच्या एटीएमवर नकली कार्डे सारली गेली. प्रश्न नेहमीच्या मायन्यात आला, उत्तरही नेहमीच्या मायन्यात गेले: "द्यावे." खातेवहीला कोणी विचारलेच नाही. सोमवारी, १३ तारखेला, बँकाबँकांतल्या निरोपांच्या 'स्विफ्ट' या वाटेने आणखी जवळपास चौदा कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. सारे मिळून चौऱ्याण्णव कोटींच्या वर, अठ्ठावीस देशांतून. मायन्यात एक अक्षराची चूक नव्हती. अंधारात सैरंध्रीच्या जागी दुसराच कोणी निजला होता, इतकेच.

बँकेची गोष्ट मोठी. आमच्या घरातली लहान आहे. पण मला ती जास्त लागते.

माझी आत्या परतवाड्यात एकटी राहते. वय एक्याऐंशी. मेळघाटातले हरिसाल २०१६ साली डिजिटल गाव म्हणून गाजले तेव्हा तिने वर्तमानपत्रातले चित्र कापून ठेवले होते, आणि पुढे फोनवरून पैसे देणे आमच्याआधी ती शिकली. दोन वर्षांपूर्वी तिला एका दुपारी फोन आला. "बँकेतून बोलतो आहे, आज खाते बंद होईल, आलेला आकडा सांगा." बोलणे आदबीचे होते, तिचे पूर्ण नाव, खाते कोणत्या शाखेत, सारे बरोबर. तिने सहा आकडे वाचून दाखवले. तुरीचे आलेले ब्याऐंशी हजार रुपये गेले. तिच्या फोनचे कुलूप शाबूत होते, बँकेचेही होते. दार तिने आतून उघडले होते.

त्याहून वाईट म्हणजे तिने हे तीन आठवडे कोणाला सांगितले नाही. म्हातारीला आता कळत नाही असे पोरे म्हणतील, ही लाज. तिने त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवले असते, तर पैसे पुढल्या खात्यात अडवता आले असते कदाचित. तीन आठवड्यांनी काय उरणार? मी रागावलो, आणि रागावलो याचे आजही वाईट वाटते.

दरीकाठी नातवाला हे सारे सांगून झाले तेव्हा तो म्हणाला, "मग पांडव अज्ञातवासात एकमेकांना कसे ओळखत?" मी म्हटले, त्यांनी आपसांतली गुप्त नावे ठरवली होती: जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल. बाहेर कंक आणि बल्लव. संकटात हाक मारावयाची ती या नावांनी. पोराने ते पक्के धरले. उतरताना आम्ही परतवाड्याला आत्याकडे थांबलो आणि त्याने तिच्याशी बसून घरच्या माणसांसाठी एक शब्द ठरवला. फोनवर कोणी काही मागितले, मग आवाज ओळखीचा का असेना, आधी तो शब्द. आता आवाजसुद्धा हुबेहूब बनवता येतो, हेही त्यानेच तिला सांगितले. तो शब्द कोणता, हे मी अर्थातच दिवाळी अंकात छापणार नाही.

परवा मी पुण्याहून तिला फोन केला. फराळाला पैसे पाठवतो, तुझा खाते क्रमांक दे, म्हटले.

"कोन बोलून राह्यलं?"

"आत्या, मी."

"मी म्हंजे कोन? शबद सांग पयले."

मला काही केल्या तो आठवेना.

"नाई आठवत? मंग ठेव फोन," असे म्हणून तिने खरोखरच ठेवला.